नऊशे नव्व्याण्णव घरांची चाळणी

लेक न्यू जर्सीच्या हायस्कूलमध्ये गेली, तेव्हा शाळेच्या यादीबरहुकूम घरात टीआय-८४ प्लस सीई हा कॅल्क्युलेटर आला. दहा समीकरणांचे आलेख एकाच पडद्यावर वेगवेगळ्या रंगांत, शिवाय मॅट्रिक्स, सांख्यिकी, तक्ते. लॉग टेबलवर बारावी काढलेल्या मला त्याचं अप्रूप वाटलंच. पण खरी गोडी लागली ती त्यात प्रोग्राम लिहिता येतो म्हणून.

ऑफिसात मी दिवसभर जावात कोड लिहिते. तिथे चलाला हवं ते लांबलचक नाव द्यावं, हवे तितके चल घ्यावेत. इथल्या टीआय-बेसिक भाषेत साध्या संख्यांसाठी ए ते झेड आणि थीटा, एवढेच सत्तावीस चल, आणि तेही सगळ्या प्रोग्रामांत सामाईक. एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावलं आणि त्यानेही 'आय' वापरला, की पहिल्याची मोजणी बिघडली. फॉर लूपमधून गोटूने बाहेर उडी मारली, तर लूपची नोंद मेमरीत तशीच पडून राहते; पुन्हा पुन्हा तसं झालं की मेमरी संपल्याची सूचना येऊन प्रोग्राम बंद पडतो. लेकीला मी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाहेर पडायचं ते लूपच्या दारानेच."

तिला एराटोस्थेनिसच्या चाळणीने मूळ संख्या काढायच्या होत्या. यादीत प्रत्येक संख्येला एक घर, सुरुवातीला सगळीकडे १, पटीत सापडली की तिथे ०. शंभरपर्यंत झकास चाललं. मग तिने दोन हजार घरं मागितली आणि यंत्राने साफ नकार दिला.

"आई, मेमरी तर भरपूर शिल्लक आहे!"

तिचं खरं होतं. वापरायला सुमारे १५४ किलोबाइट रॅम आहे. साधा ० ठेवला तरी तो चौदा अंकी दशांश संख्येच्या थाटात नऊ बाइट अडवतो, हे खरं. पण तरी दोन हजार घरं अठरा किलोबाइटांत बसतात. अडचण जागेची नव्हतीच. एका यादीत ९९९ पेक्षा जास्त घरं घ्यायची नाहीत, असा त्या भाषेचा नियमच आहे.

दुसरी यादी जोडून टाक, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गप्प बसले, आणि ते फार बरं झालं. तिने कागदावर संख्या लिहायला घेतल्या, सम संख्यांवर सरळ काट मारली आणि म्हणाली, "दोन सोडून कुठलीच सम संख्या मूळ नसते. मग त्यांना घर कशाला?" पहिलं घर ३ चं, दुसरं ५ चं, घराच्या क्रमांकाची दुप्पट करून एक मिळवला की संख्या हाती. शेवटच्या, ९९९ व्या घरात १९९९ येते. चाळणी संपली तेव्हा तिथे १ शाबूत होता. १९९९ मूळ संख्या आहे.

मला यातलं सुचलं नसतं असं नाही, पण ऑफिसच्या संगणकावर मी ते केलंच नसतं. तिथे यादी मोठी करून मोकळी झाले असते. या यंत्राने तिला संख्यांकडेच बघायला लावलं, म्हणून मला ते मनापासून आवडतं.

पुढच्या आठवड्यात तिने तीनच्या पटीही हाकलल्या. आता ५, ७, ११, १३ अशी सहाच्या पटीच्या अलीकडची-पलीकडचीच घरं उरली. घराच्या क्रमांकावरून संख्या काढायचं सूत्र जरा किचकट झालं, सम आणि विषम क्रमांकांसाठी वेगळं. त्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटच्या घरात २९९९ आली. तीही मूळ निघाली.