आकडा वेबसाईटचा, भाव गल्लीचा

आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर हल्ली दोनच विषय असतात. एक पगारवाढ आणि दुसरा घर. पगारवाढ आपल्या हातात नसते, म्हणून मग घरावर जास्त बोलणं होतं. फ्लॅटचा भाव काय चाललाय हे विचारायला आता कोणी एजंटला फोन करत नाही. संकेतस्थळ उघडायचं, एरिया निवडायचा, चौरस फूट टाकायचे, बटण दाबायचं... आकडा हजर! तो आपल्या मनातल्यापेक्षा मोठा असला की संकेतस्थळ उत्तम, लहान असला की भिकार :)

एजंट मंडळी मात्र या प्रकाराने वैतागलेली दिसतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी मोबाईल पुढे करतं, "यात तर इतके दाखवतंय!" मग एजंट म्हणतो, "त्या वेबसाईटला काय कळतंय?" इथेच गाडी अडते. गिऱ्हाईकाला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. माझं मत असं की एजंटने त्या आकड्याशी भांडूच नये. तो आकडा उघडून दाखवावा. असं का म्हणतो ते सांगतो.

आधी थोडं साता समुद्रापलीकडचं. घराची किंमत जालावर फुकट सांगायचा धंदा मोठा केला तो अमेरिकेतल्या झिलोने, २००६ साली. त्यांच्या अंदाजाचं नाव झेस्टिमेट. तिकडे बहुतेक राज्यांत घर कितीला विकलं गेलं याची नोंद कुणालाही बघता येते, त्यामुळे गणिताला खायला भरपूर डेटा. तरी गंमत बघा. झिलो स्वतःच्या चुकीचं प्रमाण स्वतःच छापते. विक्रीला काढलेल्या घरांच्या बाबतीत चूक साधारण २ टक्क्यांच्या आसपास आणि विक्रीला नसलेल्या घरांच्या बाबतीत साधारण ७ टक्के. असा फरक का? कारण घर विक्रीला काढलं की एजंटने मालकाशी बोलून ठरवलेली मागणीची किंमत त्या गणितात जाते. म्हणजे माणसाने आधी बोट ठेवलं की यंत्राचा नेम बरा लागतो!

पुढे झिलोने घरं स्वतःच विकत घेऊन विकायचा उद्योग केला. पुढचे भाव नेमके सांगता येईनात, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बंद करायचं जाहीर केलं आणि जवळजवळ पाव नोकरवर्ग कमी केला. आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अंदाज सांगणं वेगळं, त्या अंदाजावर पैसे लावणं वेगळं.

आता आपल्याकडे या. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग वगैरे संकेतस्थळांवर आपल्याला भाव दिसतात, पण त्यातले बरेचसे जाहिरातीतले, म्हणजे मागितलेले. मिळालेले नव्हेत. पुण्या-मुंबईत निदान एकसारख्या सोसायट्या शेकड्याने आहेत. कोल्हापुरात एकाच गल्लीत कौलारू घर, १९८० च्या दशकातली तीन मजली बिल्डिंग आणि लिफ्ट-पार्किंगवाला नवा टॉवर शेजारी शेजारी उभे. यांची सरासरी काढली तर ती तिघांपैकी कुणालाच लागू पडत नाही.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातच प्रसंग आला. शाहूपुरीतला आजोबांचा फ्लॅट बाबा आणि काका यांच्यात निम्मा निम्मा. काका पुण्यात स्थायिक. बाबांना फ्लॅट ठेवायचा होता, काकांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे होते. भांडण काहीच नव्हतं. पण चुलतभावाने एका संकेतस्थळावर भाव काढला, तो आला ७८ लाख. माझ्या धाकट्या भावाने दुसऱ्या संकेतस्थळावर काढला, तो ५७ लाख. २१ लाखांचा फरक, म्हणजे काकांच्या हिश्श्यात साडेदहा लाखांचा! आठ दिवसांत फोनवरचं बोलणं "जेवलास का" वरून "बघू नंतर" वर आलं. आई म्हणाली, "फ्लॅट जाऊ दे, पण दोघं भाऊ बोलायचे थांबले तर काय करायचं?"

शेवटी बाबांनी तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे तीस वर्षं याच धंद्यात असलेले एजंट. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा साठीला आलेला हा माणूस नातवाच्या शेजारी बसून अभ्यास करून पास झाला. काकाही कोल्हापुरात आले. मला वाटलं, आता तात्या तिसरा आकडा सांगणार आणि तिढा आणखी वाढणार.

तात्यांनी आधी दोन्ही संकेतस्थळं सगळ्यांसमोर लॅपटॉपवर उघडायला लावली. म्हणाले, "अण्णा, वेबसाईट खोटं बोलत न्हाई. तिला जेवढं सांगितलंय तेवढ्यावरच ती बोलतीय. काय सांगितलंय ते बघूया की."

बघितलं. चुलतभावाने खरेदीखतातला बिल्टअप एरिया टाकला होता, १००० चौरस फूट. धाकट्याने टाकला होता कार्पेट, ८२०. रकान्यात नुसतंच 'एरिया' लिहिलेलं, दोघांचंही चुकलं नव्हतं. तात्यांनी दोन्हीकडे ८२० टाकायला सांगितलं. ७८ चे ६४ झाले, ५७ तसेच राहिले. २१ लाखांचा फरक पाच मिनिटांत ७ लाखांवर आला. खोलीतली हवा जरा हलकी झाली.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं, संकेतस्थळाला काय माहीत नाही ते. बिल्डिंग १९८९ ची. लिफ्ट नाही. पार्किंग अपुरं. आणि पाणी. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४३ फूट. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आत पाणी आलं नाही, पण खाली पार्किंगमध्ये दोन्ही वेळा आलं. घेणारा माणूस हे विचारणारच. दुसऱ्या बाजूला लिहिलं, स्टेशन आणि स्टँड चालत जाण्यासारखं, दोन बाजूंनी उजेड, टायटल स्वच्छ.

त्यानंतर सरकारी आकडे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचे दर कुणालाही फुकट बघता येतात. ते चौरस मीटरला असतात, चौरस फुटाला आणायचे तर १०.७६ ने भागायचे. पण रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यात जी जास्त, तिच्यावर स्टँप ड्युटी लागते, एवढंच त्याचं काम. २०२३ आणि २०२४ साली हे दर जैसे थे ठेवले आणि १ एप्रिल २०२५ पासून वाढवले. मधल्या काळात बाजार थोडाच थांबून राहिला होता?

खरा ऐवज निघाला इंडेक्स टू मध्ये, म्हणजे सूची क्रमांक २. मिळकतीचा क्रमांक टाकून नोंदवलेला व्यवहार कितीचा झाला ते त्यात बघता येतं. आमच्याच गल्लीतले, तशाच जुन्या बिल्डिंगमधले दोन व्यवहार तात्यांनी आधीच काढून आणले होते. कागदावर लिहिलेली किंमतच तिथे दिसते हे त्यांनी आपणहून सांगितलं, पण निदान ते झालेले सौदे होते. त्यावरून त्यांनी आकडा दिला नाही, पट्टा दिला, ५७ ते ६० लाख. खाली कारणं लिहिली, सही केली. हेही बजावलं की हा एजंटचा अभिप्राय आहे, बँकेला किंवा कोर्टाला लागला तर सरकारमान्य व्हॅल्युअरचाच रिपोर्ट घ्या.

बाबा म्हणाले, "साठ धरा." काका म्हणाले, "अरे, मधला धरूया की." अण्णांनी ऐकलं नाही. काकांना तीस मिळाले, कागद वकिलांनी केले. तात्यांनी विक्री नसल्यामुळे दलाली घेतली नाही, त्या एका कागदाची ठरावीक फी मात्र मागून घेतली. मला ते फार आवडलं. त्यांनी विकलं ते समजावून सांगणं, आणि त्याचे पैसे होतात.

तर तरुण एजंट मित्रांनो (आणि लवकरच घर घेणाऱ्या-विकणाऱ्यांनो), गिऱ्हाईक यायच्या आधी दोन-तीन संकेतस्थळांवरचे आकडे आपणच काढून ठेवावेत. प्रत्येकात कुठला एरिया धरलाय, मागितलेले भाव आहेत की मिळालेले, हे लिहावं. शेजारी रेडी रेकनर आणि इंडेक्स टू ठेवावं. मिळकत हातात यावी म्हणून सगळ्यात मोठा आकडा दाखवायचा आणि महिन्याभराने "मार्केट डाऊन आहे" म्हणायचं, हा जुना खेळ आता चालत नाही. गिऱ्हाईकाच्या खिशातही तीच संकेतस्थळं आहेत.

आणखी एक. तात्यांकडे एक लांबट वही आहे. तीन रकाने: आपण सांगितलेला भाव, प्रत्यक्ष झालेला भाव, फरक. कित्येक वर्षांची. जिथे फरक मोठा, तिथे शेजारी कारण लिहिलंय, "पाण्याचा अंदाज चुकला", "रस्ता रुंदीकरण", "मालकाला घाई". आपण याला एरर लॉग म्हणतो आणि तो लिहायला कंटाळतो. मी अजून एकही संकेतस्थळ असं बघितलेलं नाही जे कोल्हापुरातल्या एका गल्लीपुरता आपला फरक असा उघडा करून दाखवतं. एजंटने तो दाखवला, तर लोक आकडा बघायला संकेतस्थळावर जातील आणि विचारायला त्याच्याकडेच येतील.