उजेड कशावर पाडायचा?

घर बांधायला काढले की पाया, विटा, सळई आणि सिमेंट यांचे हिशेब महिनोन्‌महिने चालतात. दिव्यांचा विचार मात्र रंगकाम तोंडावर आले की होतो. वायरमन विचारतो, "वहिनी, दिवे किती बसवू?" आणि आपण बोटांवर मोजून आकडा सांगून मोकळ्या होतो. पण दिवे किती, हा प्रश्न नंतरचा. उजेड कशावर पाडायचा, हे आधी ठरले पाहिजे.

गेल्या वर्षी उसाच्या बिलातून आम्ही जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधले. थोरल्या मुलाची हौस अशी, की बैठकीच्या खोलीला खोटे छत करायचे आणि त्यात गोल दिवे बसवायचे. दुकानदार त्यांना डाउनलाइट म्हणतात. दिवा छतात लपलेला असतो आणि खाली फक्त उजेड दिसतो. तालुक्याच्या गावाहून त्याने कागदावर आराखडा करून आणला. छताच्या चारी कडांनी बारा-बारा वॅटचे सोळा दिवे होते. सगळ्यांनी कौतुकाने पाहिला. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "बाबा, एवढे दिवे लावशील, पण मला तांदळातला खडा दिसेल का रे?"

थोरला हिरमुसला, पण सासूबाईंचे म्हणणे खरे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत. तरण्या माणसाला पुरतो तो उजेड म्हाताऱ्या डोळ्यांना पुरत नाही, बारीक कामाला तर कितीतरी जास्त लागतो. आणि आराखड्यात त्यांच्या बसायच्या कोपऱ्यावर एकही दिवा नव्हता.

जुन्या घरात वीज आली नव्हती तेव्हाची रीत सासूबाई सांगतात. देवापुढे समई, माजघरात दिवळीतली चिमणी, गोठ्याकडे जाताना हातात कंदील. तेल बेताचे, म्हणून जिथे काम तिथेच उजेड. बाकीचे घर अंधारात असे आणि म्हणूनच समईपुढचा देव उठून दिसे. आजच्या छतातल्या दिव्यांचे मर्म हेच आहे. भोवती थोडा मंद उजेड असेल आणि एखाद्या वस्तूवर त्याच्या सुमारे तिप्पट पडेल, तर ती नजरेत भरते. सगळीकडे सारखाच लखलखाट केला तर काहीच उठून दिसत नाही.

मग आम्ही एक युक्ती केली. छताला भोके पाडण्यापूर्वी रात्री थोरला बॅटरी घेऊन घोड्यावर चढला. खाली सासूबाई, सूनबाई आणि मी. मामंजींच्या फोटोवर उजेड पाडून पाहिला. अगदी भिंतीजवळून पाडला तर चौकटीची सावली तोंडावर येई. फार लांबून पाडला तर काच चमके आणि समोरच्याची सावली पडे. नऊ फूट उंचीच्या छतावर भिंतीपासून दोन फुटांवर जागा बरोबर ठरली. जुन्या घराची कोरीव चौकट आम्ही नव्या भिंतीत बसवली आहे. तिच्यावर मात्र सहा-आठ इंचांवरून घासून जाणारा उजेड पाडला, तेव्हा वेलबुट्टी जिवंत झाली. असाच उजेड साध्या भिंतीवर पाडला तर गिलाव्याचे उंचवटेही दाखवतो, हे ध्यानात ठेवावे.

दिवा घेताना डब्यावरची अक्षरे वाचावीत. त्यावर उजेडाचा कोन दिलेला असतो. नऊ फुटांवरच्या छतातून तीन फूट उंच टेबलावर २४ अंशांचा दिवा सुमारे अडीच फुटांचे वर्तुळ पाडतो, ३६ अंशांचा सुमारे चार फुटांचे आणि ६० अंशांचा सुमारे सात फुटांचे. फोटोला लहान कोन घ्यावा, बसायच्या जागेला मोठा. रंग केल्विनमध्ये लिहितात. ३००० म्हणजे समईसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. पितळ आणि लाकूड पिवळसर उजेडात खुलते. ओसरीवरही पिवळाच बरा, कारण निळसर उजेडावर पाखरे जास्त येतात. धान्य निवडायला ४००० चा मधला रंग आम्हाला सोयीचा वाटला. सीआरआय हा आकडा ९० च्या आसपास असेल तर रंग खरे दिसतात. हळद हळदीसारखी आणि मिरची मिरचीसारखी दिसते.

खेड्यात विजेचा दाब वरखाली होतो, तेव्हा दिवा किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो तेही पाहावे. भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह असलेलाच घ्यावा. दिव्याचा ड्रायव्हर वेगळा असेल तर बरे. पुष्कळदा आधी तोच बिघडतो आणि मग तेवढाच बदलता येतो.

खोट्या छताविषयी मायबहिणींना एक सांगते. स्लॅब आणि छत यांमधल्या पोकळीत उंदीर आणि पाली बिऱ्हाड करतात. कडेच्या फटी बुजवून घ्याव्यात आणि वायर नळीतूनच न्यावी. स्लॅब गळत असेल तर आधी तो दुरुस्त करावा. छताचा खर्च झेपत नसेल तर स्लॅबला बाहेरून बसणारे गोल दिवे मिळतात, त्यांनीही तेच काम होते. ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे, त्यांनी काँक्रीट ओतण्यापूर्वीच सळईच्या जाळीत नळ्या आणि डबे बसवून घ्यावेत. नंतर स्लॅब फोडणे नको.

स्वयंपाकघरात दिवा ओट्याच्या पुढच्या कडेवर यावा. पाठीमागे असला तर आपलीच सावली भाजी चिरताना विळीवर पडते.

शेवटी सोळाचे आठ दिवे झाले, तेही सात-सात वॅटचे. एक मामंजींच्या फोटोवर, दोन चौकटीवर, एक देवघरावर, दोन बैठकीवर आणि दोन सासूबाईंच्या कोपऱ्यावर. प्रत्येक जागेचे बटण वेगळे आहे. कोपऱ्यातला एक दिवा इन्व्हर्टरवर घेतला आहे. सोळाही दिवे रोज पाच तास जळले असते तर महिन्याला सुमारे एकोणतीस युनिट गेले असते. आमचे आठही लावले तरी साडेआठच्या आत भागते.

सासूबाई आता दिवस मावळल्यावरही तांदूळ निवडतात. नातू त्यांच्याच दिव्याखाली पाटी-पुस्तक घेऊन बसतो. थोरल्याची हौसही राहिली. पाहुणे आले की तो चौकटीवरचे दिवे आधी लावतो. आपल्या घरी दिवे बसवायचे असतील तर दुकानात जाण्यापूर्वी एक रात्र बॅटरी घेऊन घरभर फिरा. घरातले कोण कुठे बसते, काय करते, कशाकडे पाहून त्याला बरे वाटते, ते आधी पाहा आणि मग दिव्यांचा आकडा सांगा.