उचकी

आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच. त्यामुळे रेशनकार्डापासून बाळाच्या उचकीपर्यंत सगळ्याचा खुलासा मलाच विचारतात. माझे विषय मराठी नि इतिहास. पण शेजारच्या काकूंच्या लेखी शिकलेला तो शिकलेलाच!

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दीड महिन्याच्या बाळाला दूध प्याल्यावर उचकी लागते. म्हणून वाचले. छाती नि पोट यांमधला पडदा, म्हणजे श्वासपटल, एकाएकी आखडते, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरयंत्राचे दार मिटते. तो आवाज त्या मिटण्याचा. घाईने पिताना हवा गिळली, पोट फुगले, की उचकी लागू शकते. गर्भात तर ती नवव्या आठवड्यापासून लागते. हे ऐकून ताई म्हणाली, "आठव्या महिन्यात पोटात ठोके पडल्यागत व्हायचं, ते हेच का रं?" लंडनच्या संशोधकांनी २०१९ साली १३ नवजात बाळांत पाहिले, की उचकीसरशी मेंदूत लहरी उमटतात. बाळ त्यातून श्वासावर ताबा मिळवायला शिकत असावे, असा त्यांचा तर्क.

खटका उडाला तो मधावरून. काकू वाटी घेऊन आल्या. वर्षाच्या आत मध नको. त्यात कधी कधी असे जंतू असतात, की ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, अंग लुळे पडते. सहा महिने वरचे पाणीही नको. आजी फणकारली, "तुला चाटवलाच की मी! मेलास का?" याला काय उत्तर देणार? ताईने मात्र वाटी परत केली, बाळाला खांद्याशी उभे धरून पाठ थोपटली. ढेकर आला. आजीने टाळूवर ठेवलेल्या ओल्या दोऱ्याला मी हात लावला नाही. दोऱ्याने काय बिघडते? उचकी थांबेचना, बाळ दूध ओढेना, तर दवाखाना गाठायचा, एवढे कबूल करून घेतले.

एका गोष्टीत मी पडलो नाही. आजी म्हणते, "बाप आठवण काढायलाय." दाजी ऊसतोडीला 'अर्धा कोयता' म्हणून एकटेच गेलेत, मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही. बाळाचे तोंड त्यांनी पाहिलेले नाही. रात्री फडावरून फोन येतो. ताई आधी विचारते, "दुपारी आठवण काढली होती का?"

ते हो म्हणतात. रोजच म्हणतात.