लोकापवाद आणि लांडगा

लखनौच्या रेल्वे स्थानकाला चारबाग हे नाव एका जुन्या बागेवरून मिळाले. घुमट, छत्र्या आणि मिनार यांनी भरलेली त्याची इमारत वरून पाहिली असता बुद्धिबळाच्या मांडलेल्या पटासारखी दिसते, असे लखनौकर कौतुकाने सांगतात. १९१६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी गांधी आणि नेहरू यांची पहिली भेट येथे झाली, हेही ते आवर्जून सांगतात. या स्थानकाच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग मात्र आता क्वचितच कोणाच्या बोलण्यात येतो. १९५४ च्या जानेवारीत येथे एक मुलगा सापडला. त्याला चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. त्याचे हातपाय वाकलेले होते. तो दूध जिभेने चाटून पितो आणि कच्च्या मांसावर झेप घेतो, असे त्या वेळी सांगितले गेले. त्याला बलरामपूर रुग्णालयात ठेवण्यात आले, रामू असे नाव देण्यात आले, आणि हा लांडग्यांनी वाढविलेला मुलगा होय, असे पाहता पाहता ठरून गेले. त्याला पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. रामू त्याच रुग्णालयात १९६८ च्या एप्रिलमध्ये मरण पावला.

या हकीकतीत मला अस्वस्थ करते ते तिचे असंभाव्यत्व नव्हे. मूल सापडले ते स्थानकात, अरण्यात नव्हे. लांडगा काही तिकीट काढून गाडीत बसत नाही. त्या मुलाला तेथवर कोणी तरी माणसानेच आणले असले पाहिजे. तो जन्मतः व्याधिग्रस्त असावा आणि त्याचा भार न पेलल्यामुळे त्याला कोणी तेथे सोडून गेले असावे, हा तर्क सरळ होता. पुढच्या काळात पुष्कळांचा कल त्याच बाजूला झुकला. परंतु १९५४ साली लोकांना हा तर्क नको होता. हे मूल कोणाचे, या प्रश्नाला लांडगा हे उत्तर मिळाले आणि पुढचे सारे प्रश्न मिटले. आईबापांना दोष नाही, समाजाला दोष नाही. मूल हरवले, ते पशूने नेले, पशूने वाढविले. लोकापवादाने येथे आईबापांना सोडून दिले. त्याची किंमत मुलाने मोजली, कारण त्या क्षणापासून तो मूल राहिला नाही, प्रदर्शनाची वस्तू झाला.

हे उत्तर लखनौच्या लोकांना इतक्या सहज सुचले, याला अवधात पूर्वपरंपरा होती. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून आपल्याला परिचित असलेला विल्यम स्लीमन १८४९ पासून लखनौच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. लांडग्यांनी उचलून नेलेल्या आणि वाढविलेल्या मुलांच्या हकीकती त्याने या प्रदेशात गोळा केल्या. त्या १८५२ साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या आणि १८५८ च्या त्याच्या अवधविषयक प्रवासवर्णनातही आल्या. त्या बहुतेक ऐकीव आहेत आणि पुरावा म्हणून त्यांचे मोल थोडे आहे. तथापि त्यांतली एक मला वाङ्मयाच्या दृष्टीने असामान्य वाटत आली आहे.

सुलतानपूरच्या पूर्वेस असलेल्या एका गावातील शेतकरी जोडपे १८४३ च्या मार्चमध्ये गव्हाच्या कापणीला गेले होते. तीन वर्षांचा मुलगा जवळच गवतावर बसला होता. झुडपाआडून लांडगा आला आणि मुलाला कमरेशी धरून घळींकडे पळाला. बाप दूर होता. आई ओरडत मागे धावली, गावकरी तिच्या हाकेला धावून आले. पण लांडगा दिसेनासा झाला. सहा वर्षांनी लांडग्यांच्या पिलांबरोबर पकडलेल्या एका मुलाची वार्ता तिच्या कानी आली. नवरा दरम्यान वारला होता. ती गेली, आणि गुडघ्यावरचा भाजल्याचा व्रण व कमरेवरच्या दातांच्या खुणा पाहून तिने मुलाला ओळखले.

अभिज्ञानाचा हा प्रकार आपल्याला सर्व वाङ्मयांतून ठाऊक आहे. शकुंतलेला अंगठी लागते. ओडिसियसची वृद्ध दाई त्याला मांडीवरच्या व्रणावरून ओळखते, आणि त्या एका व्रणापासून एरिख आउअरबाखने ‘मिमेसिस’ हा आपला ग्रंथ आरंभिला. काव्यात ओळख पटली की फार काही उरत नाही. स्लीमनच्या हकीकतीत मात्र खरी कठीण गोष्ट ओळख पटल्यानंतर सुरू होते. आईने मुलाला घरी नेले, दोन महिने सांभाळले. कुतूहलाने माणसे येत राहिली, पाहून जात राहिली. मुलाला तिचा लळा लागेना. अखेर तिने आशा सोडली आणि त्याला गावाच्या दयेवर सोपवून ती निघून गेली. यावर कोणताही निवाडा स्लीमन देत नाही. मूल नेले तेव्हा आईमागे धावणारे गाव आणि मूल परतल्यावर त्याला पाहायला येणारे लोक, ही दोन्ही चित्रे त्याने शेजारी शेजारी ठेवली आहेत. लोक या एका शब्दात हे दोन्ही समूह येतात.

याउलट घडलेली कथा ऑस्ट्रेलियातील आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू येथील पहाडाच्या पायथ्याशी तंबूत निजविलेली अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे लांडग्याच्याच कुळातील तेथल्या रानकुत्र्याने, तिला नेले, असे तिची आई लिंडी प्रथमपासून सांगत होती. पहिल्या चौकशीचा निष्कर्षही तोच निघाला. पण देशाने तो मानला नाही. आई पुरेशी रडली नाही. मुलाखतीत फार शांतपणे बोलली. तिच्या कपड्यांकडे तिचे फार लक्ष होते. मुलीला तिने काळा पोशाख घातला होता. कुटुंब एका लहान ख्रिस्ती पंथाचे होते. आणि अझारिया या नावाचा अर्थ ‘रानातला बळी’ असा होतो. हे सारे घराघरांत बोलले गेले. त्या हिब्रू नावाचा खरा अर्थ ‘ईश्वराने साहाय्य केलेली’ असा आहे. पण शब्दकोश उघडून पाहण्याची गरज लोकापवादाला भासत नाही. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये आईला खुनाबद्दल जन्मठेप झाली. मोटारीत सापडलेले रक्त म्हणून जो पुरावा मांडला गेला, तो बव्हंशी कारखान्यात फवारलेला आवाजरोधक लेप असल्याचे पुढे दिसून आले. १९८६ मध्ये बाळाचे हरवलेले जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ सापडले, तेव्हा तिची सुटका झाली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. आणि मृत्यूचे कारण डिंगो असे अधिकृतपणे नोंदले जाण्यास १२ जून २०१२ उजाडावा लागला.

या प्रकरणात एक तपशील वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. त्या रात्री आदिवासी मागकाढ्यांनी वाळूवरचे डिंगोचे ठसे पाहिले होते. काही तरी ओझे नेल्याची चिन्हेही त्यांना दिसली होती. ज्यांना ती लिपी वाचता येत होती त्यांचे वाचन बाजूला पडले, आणि ज्यांना ती येत नव्हती त्या नगरवासी लोकांनी आईचा चेहरा वाचायला घेतला. वाळू स्पष्ट बोलत होती आणि चेहरा मूक होता. तरीही पुरावा ठरला तो चेहरा.

मग आपण अधिक दयाळू म्हणायचे काय? तसे नाही. अवधातील शेतकऱ्याला लांडगा शेजारी म्हणून ठाऊक होता, म्हणून त्याला लांडग्याची गोष्ट पटली. सिडनी-मेलबर्नच्या माणसाला डिंगो ठाऊक नव्हता, म्हणून त्याला ती पटली नाही. दोन्ही ठिकाणी लोकांनी आपल्याला जवळची वाटणारी कथा निवडली. ती कथा बदलली की आपणही बदलतो. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात लांडगे मुले नेऊ लागले, तेव्हा हे काम माणसाच्या रूपात फिरणाऱ्या लांडग्याचे आहे अशी अफवा उठली आणि अनोळखी माणसांवर हात टाकले गेले. २००८ मध्ये नोएडात एका मुलीचा घरातच खून झाला, तेव्हा तिची आई दूरचित्रवाणीवर कशी बोलली याचीच चर्चा घरोघर झाली. त्या आईबापांना २०१३ मध्ये दोषी ठरविण्यात आले आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. किपलिंगच्या मोगलीकथा आपण मुलांच्या हाती देतो; पण त्यांतली मेसुआ, जिचे मूल वाघाने नेले आणि जिने मोगलीला पोटाशी धरले, तिला गावकरी चेटकीण म्हणून बांधून घालतात, हे आपल्या आठवणीत राहत नाही. मूल परत आले तरी संशय परत जात नाही.

विद्वानांनाही याचा अपवाद म्हणता येत नाही. १९५९ मध्ये ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने लांडग्यांनी वाढविलेल्या म्हणून सांगितलेल्या मुलांचा विचार केला आणि ही मुले स्वमग्न असावीत, असे प्रतिपादन केले. येथपर्यंत तो तर्क विचारार्ह होता. पण स्वमग्नतेचे मूळ आईच्या थंडपणात आहे, असेही त्याचे मत होते. म्हणजे कथेतून लांडगा गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी आई आली. ते मत आता शास्त्राने टाकून दिले आहे. मधल्या काळात किती आयांनी ते खाली मान घालून ऐकले असेल, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

अशी एक आई माझ्या घरात होती. माझ्या आत्याचा धाकटा मुलगा आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात एक रात्र हरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका दिंडीत सापडला. सुखरूप होता, कोणी तरी त्याला चुरमुरे दिले होते. तो मोठा झाला, नोकरीला लागला, ती सारी हकीकत त्याला नीट आठवतही नसे. पण घरात गोष्ट राहिली ती वेगळी: त्या रात्री आत्याने भाकरी खाल्ली होती. लग्नाकार्यात, बायकांच्या घोळक्यात, ‘हिला बाई घास गिळला’ हे वाक्य चाळीस वर्षे फिरत होते. मी एकदा तिला त्याविषयी विचारले. ती तांदूळ निवडीत होती. हात न थांबवता म्हणाली, “पहाटे पुन्हा शोधायला निघायचं होतं. पायात बळ नको का?” त्या घासाचा हा अर्थ चाळीस वर्षांत कोणालाही सुचला नव्हता, कारण कोणी तिला विचारलेच नव्हते.

आपल्या काव्यशास्त्राला ही गोष्ट चांगली ठाऊक होती. भरताने सात्त्विक भाव आठ सांगितले. त्यांत अश्रू आहेत, तसाच स्तंभही आहे. शोकाने माणूस पाझरतो तसा थिजतोही. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामाच्या दुःखाला पुटपाकाची उपमा दिली: तोंड लिंपलेल्या भांड्यात औषध आत शिजत असते, बाहेर काही दिसत नाही. हे नाटक लोकापवादाने उद्ध्वस्त झालेल्या घराचे आहे, हा योगायोग नव्हे. ज्या कवीने दुर्मुखाच्या तोंडून लोकांची कुजबूज रामाच्या कानी घातली, त्यालाच न दिसणाऱ्या दुःखासाठी प्रतिमा शोधावी लागली. आणि तरीही या काव्यशास्त्राचे वारस म्हणविणारे आपण आईच्या दुःखाची परीक्षा तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावरच करतो.

मराठी मनाचे या बाबतीतले माप हिरकणीचे आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्हे मूल खाली घरी राहिले, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरून गेली, आणि शिवाजीमहाराजांनी तेथे बुरूज बांधविला. कथा सुंदर आहे, ती मुलांना सांगावी. पण तिचा पाय घसरला असता किंवा ती उशिरा पोचली असती, तर त्याच लोकांनी विचारले असते, तान्हे मूल घरी ठेवून ही दूध विकायला गडावर गेलीच कशाला? बुरूज आणि अपवाद यांच्यात अंतर होते ते एका रात्रीचे. आदर्श मातेची कथा जो समाज मनापासून जपतो, त्याच्या हाती दुसऱ्या मातांविरुद्धचे आरोपपत्रही तयार असते.

कायद्याने यातून एक वाट काढली आहे. २०१३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर असा आदेश दिला की, हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि मूल पळविले गेले किंवा त्याचा व्यापार झाला, असे आरंभी गृहीत धरावे. त्यापूर्वी गरीब आईबापांना ठाण्यावर ऐकावे लागे ते ‘पळून गेला असेल, येईल’ किंवा ‘तुमचे लक्ष कुठे होते?’ संशय कोठून सुरू व्हावा याची दिशा या आदेशाने बदलली. आईबापांवर कधीच संशय घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. काही प्रकरणांत दोष त्यांचाच निघतो. पण तो ठसे, कागद आणि साक्षी यांतून निघावा. घास गिळला की नाही, यातून नव्हे.

२०२४ च्या पावसाळ्यात बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी पुन्हा मुले नेली. त्यानंतरच्या एका वर्गात मी चारबागचा रामू आणि अझारिया चेंबरलेन ही दोन प्रकरणे विद्यार्थ्यांपुढे ठेवली. आई रडली नाही याचा तुम्ही काय अर्थ कराल, असे विचारले, तेव्हा उत्तरे पुष्कळ आली, चतुरही आली. बहराइचकडून आलेली एक विद्यार्थिनी मात्र शेवटपर्यंत गप्प होती. तास संपताना ती म्हणाली, “सर, आमच्याकडे हे कोणी विचारलं नाही. लोकांनी विचारलं, घराला दार होतं का? नव्हतं. मग दार बसवायला घेतलं.”

रामू चौदा वर्षे बलरामपूर रुग्णालयात होता. त्याच्या आहारावर, दातांवर, हातापायांच्या वळणावर पुष्कळ लिहिले गेले. हे मूल त्या स्थानकात कोणत्या गाडीने आले, ती गाडी वाटेत कोठे कोठे थांबली होती, आणि त्यांपैकी एखाद्या गावी त्याची वाट पाहणारे कोणी आहे का, असे विचारीत कोणी त्या मार्गाने उलटे गेले होते काय?