मोजणारा कोण?

2018 साली भोपाळला घर बांधायचे ठरले, तेव्हा माझ्या निवृत्तीला आठ वर्षे उरली होती. पत्नीचे माहेर तिथले, आणि 2,400 चौरस फुटांचा भूखंड आम्ही पूर्वीच घेऊन ठेवलेला. मेहुण्याने ओळखीच्या एका बिल्डरला घरी आणले. प्रस्ताव सुटसुटीत होता. 1,800 चौरस फुटांचे बांधकाम, साहित्यासकट चौरस फुटाला 1,700 रुपये, नकाशा फुकट, मंजुरीही तोच आणणार.

"भावजी, तुम्ही दिल्लीत. इथे रोज उभे कोण राहणार? सगळे एकाच माणसाकडे सोपवा," मेहुणा म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते.

मी बिल्डरला एवढेच विचारले की नकाशात जितकी सळई दाखवली आहे तितकी पायात पडली, हे कोण मोजणार? तो हसला. "साहब, भरोसा रखिए."

वाचकहो, शासकीय बांधकामात बिल घेणारा आणि मोजमाप प्रमाणित करणारा हे वेगवेगळे असावेत, ही फार जुनी शिस्त आहे. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो, वरिष्ठ त्यातील काही नोंदी प्रत्यक्ष जागेवर पडताळतात, आणि मगच देयक पुढे सरकते. या नोंदी नीट नाहीत म्हणून मी कितीतरी फाइली परत पाठवल्या आहेत. आणि आता माझाच भविष्यनिर्वाह निधी मी 'भरोसा' या एका शब्दावर मोकळा करायला निघालो होतो!

एम. ए.ला असताना जॉर्ज अकर्लोफ यांचा 1970 सालचा, जुन्या मोटारींच्या बाजारावरचा लेख आम्हाला अभ्यासाला होता. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला मालच हळूहळू मागे पडतो. घराचा पाया तर मातीखालीच जातो. चौरस फुटाच्या ठोक दरात वाचलेली प्रत्येक सळई बिल्डरच्या खिशात राहते. तो माणूस अप्रामाणिक होता असे मी म्हणणार नाही. पण प्रामाणिक राहण्याचा सगळा खर्च त्या व्यवस्थेने त्याच्यावरच टाकला होता.

मात्र वास्तुविशारद म्हणजे निःस्वार्थ साधू, असेही नाही. त्याचे शुल्क बहुधा एकूण खर्चाच्या टक्केवारीत असते, म्हणजे संगमरवर जितका महाग तितके शुल्क अधिक. म्हणून मी ठरावीक रक्कम, ती टप्प्याटप्प्याने, आणि जागेवरील भेटींची संख्या लेखी, असा आग्रह धरला. नोंदणी क्रमांकही पाहिला. 1972 च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' या बिरुदाला संरक्षण दिले आहे, पण नकाशा काढण्याच्या कामाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केले. 'आमचा आर्किटेक्ट' म्हणून बिल्डर ज्याला पुढे करतो, तो कित्येकदा नुसता आरेखक असतो.

तीन जणांची शुल्कपत्रके मागवून मी सवयीने त्यांना चढत्या क्रमाने लावले. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही घर बांधताय की निविदा उघडताय?" (बांधकामाच्या निवडक निविदांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा वित्त मंत्रालयाने 2021 साली दिली. आमच्या घरात ती तीन वर्षे आधीच लागू झाली.) आम्ही मधल्या दराच्या बाई निवडल्या. खोल्या किती हव्यात हे न विचारता त्यांनी आधी विचारले, "माती तपासलीत का?"

माती काळी होती, कापसाची. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळणारी. बिल्डरच्या नकाशात पाच फुटांचे खड्डे आणि नेहमीचा पाया होता. बाईंनी संरचना अभियंत्याकडून अंडर-रीम पाइल काढून घेतले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले हे खांब साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, जिथे ओलाव्याचा चढउतार फारसा पोचत नाही तिथवर जातात, आणि खाली त्यांना कंदासारखा फुगवटा असतो. पाया दीड लाखाने महागला. मेहुणा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

आराखडा आणि बांधकाम एका हाती असणे मुळातच वाईट, असे मला वाटत नाही. तिरुवनंतपुरमचे लॉरी बेकर दोन्ही करीत, पण ते स्वतः गवंड्यांजवळ उभे राहत. मला बेकर मिळणार नव्हते आणि मी दिल्लीत होतो. स्वतःच्या भूखंडावर बांधून घेणाऱ्याला रेराचे पाच वर्षांच्या दोषदायित्वाचे कवचही नसते. आधार काय तो ग्राहक कायद्याचा आणि आपण केलेल्या कराराचा. म्हणून ठेकेदार वेगळा नेमला, बाबनिहाय दर ठरवले, मोजमाप बाईंच्या सहीने, आणि पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवली. दोनदा बाईंनी बिल कापले, एकदा ठेकेदाराच्या बाजूने वाढवलेही.

2020 च्या फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. घराच्या भिंतींना आजवर तडा नाही. कुंपणाची भिंत मात्र तिसऱ्या पावसाळ्यात मधोमध फुटली. एवढ्याशा भिंतीला कसला आराखडा, म्हणून ते काम मी फोनवरूनच, ठोक रकमेत, ठेकेदाराला देऊन टाकले होते.