तेलाचा दिवा

पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचा डाग दिसला तेव्हा बाबांनी आधी तिथे पुठ्ठा सरकवला आणि मग मला फोन केला. रविवारी गेलो तेव्हा पुठ्ठ्यावर चार डाग होते आणि प्रत्येकाशेजारी पेनाने तारीख. पहिला डाग रुपयाएवढा, चौथा बशीएवढा.

"ऑइल प्रेशर स्विचपाशी गळतंय. जरासं ओलं होतं, म्हणून मागच्या आठवड्यात मीच आवळला," ते म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला.

बाबा गिरणीत पाइप फिटर होते. जन्म वाफेच्या नि पाण्याच्या लाइनींत गेला. कुठे किती आवळायचं हे त्यांच्या मनगटाला कळायचं. पण दोन वर्षांपासून उजवा हात थरथरतो, आणि ती थरथर लपवायला ते सगळंच जास्त जोर लावून करतात. त्यांनी बंद केलेला बेसिनचा नळ आईला उघडत नाही.

हा स्विच अंगठ्याएवढा. त्याचे आटे सरळ नसतात, निमुळते असतात: 16 मिलिमीटर पुढे गेलं की व्यास 1 मिलिमीटरने वाढतो. म्हणजे तो फिरणारी पाचरच. लोखंडी पाइपात पाचर ठोकली तर पाइप सोसतो. आमच्या गाडीत स्विच बसतो तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव. तो सोसत नाही, चिरतो. गंमत अशी की कितीही आवळलं तरी आट्यांच्या टोकाशी आणि तळाशी केसाएवढी फट राहते, आणि ती गोल गोल फिरत थेट बाहेर येते. ती आवळून बंद होत नाही, तिच्यात काहीतरी भरावं लागतं. बाबांच्या काळी सूत आणि सफेदा भरत, नंतर टेफ्लॉन टेप आली.

तडा गेला असेल तर गाडी भंगारात, हे आईने आधीच जाहीर केलं होतं. आणि तसं झालं तर कोणाच्या हाताने झालं, हे तिघांनाही माहीत असणार होतं.

पेट्रोलच्या फडक्याने तो भाग पुसून कोरडा केला. आईच्या डब्यातली टाल्कम पावडर त्यावर उडवली आणि इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीत तेल जिथून येतं तिथे काळी रेघ उमटते. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून इंजिनाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. रेघ उमटली ती स्विचच्या मुळाशी, गोल. बाजूच्या धातूवर काही नव्हतं. टॉर्च धरून दोनदा पाहिलं.

"आट्यांतूनच आहे," मी म्हणालो. ते "हं" म्हणाले आणि चहा सांगायला वर गेले.

इंजिन थंड झाल्यावर स्विच काढला. आट्यांवर टेपचे सहा-सात वेढे होते, पार पहिल्या आट्यापर्यंत. पहिले एक-दोन आटे उघडे सोडायचे असतात, नाहीतर टेपची चिंधी सुटून तेलाच्या वाटेत जाऊन अडकते. हे मला बाबांनीच शिकवलेलं, आठवीत असताना, मोरीच्या नळावर.

"टेप माझीच," ते मागून म्हणाले. "पाच-सहा वर्षं झाली असतील."

मग मला दुसरं सुचलं. या स्विचला एकच वायर असते. विजेची परतीची वाट त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या धातूतून जाते. एरवी आटे टेप कापून धातूला भिडतातच. पण इतक्या जाड वेढ्यांनी ती वाट अडली असली तर? स्विच टेपसकट हाताने परत बसवला, वायर जोडली, किल्ली फिरवली. इंजिन बंद असताना डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागायला हवा. लागला नाही.

टेप काढून आटे पितळी ब्रशने घासले, चिंध्या आत पडू नयेत म्हणून भोकाचे आटे फडक्याने बाहेरच्या बाजूला पुसले. या वेळी टेप नाही, सीलंट. त्याची बाटली विकत घेतानाच अर्धी रिकामी असते. फसवणूक नव्हे: ते हवेत पातळ राहतं, आणि हवा तुटून धातूला चिकटलं की घट्ट होतं. पुढचे दोन आटे सोडून लावलं. हाताने बसेल तेवढं बसवलं, मग पाना.

"मी सांगेन तेव्हा थांब," बाबा म्हणाले. त्यांनी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. बोटं थरथरत होती. सव्वा वेढा झाला असेल. "बस. आणि आता मागे फिरवायचं नाही. मागे घेतलं तर काढून पुन्हा लावायचं."

किल्ली फिरवली. लाल दिवा लागला.

ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "गेल्या मे महिन्यात आपण गावाला गेलो," ते म्हणाले, "आंबा घाटातून, सगळे होतो. तेल संपलं असतं तर कळलंच नसतं."

"संपलं नाही ना बाबा."

"मी पाइपासारखी टेप मारली. पाण्याच्या लाइनीत वीज कुठे असते?"

सीलंटला एक दिवस दिला. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून सरळ तिकडे गेलो, गाडी सुरू केली. दिवा लागला आणि दोन सेकंदांत विझला. बाबांनी नवा पुठ्ठा खाली सरकवला होता. त्यावर तारीख लिहायला त्यांनी पेन माझ्याकडे दिलं.