चिडिया मोड नक्की कोणता?

कोलकात्याला जाणारा मराठी प्रवासी कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया स्मारक पाहतो, रसगुल्ल्यांचे डबे बांधून घेतो आणि परततो. शहराच्या उत्तरेला जेमतेम २५ किलोमीटरवर, हुगळीच्या काठी वसलेल्या बराकपूरला तो सहसा जात नाही. शाळेत मंगल पांडेच्या धड्यात ते नाव वाचलेले असते, तेवढाच काय तो परिचय. आम्हीही कदाचित गेलो नसतो, पण सासूबाईंचा हट्ट होता.

मामंजी वायुसेनेत होते. १९७० ते ७२ या काळात त्यांची नेमणूक बराकपूरच्या तळावर होती. सासूबाईंनी आपला पहिला संसार तिथेच, धोबी घाटाजवळच्या एका भाड्याच्या खोलीत मांडला. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात. "एकदा तो घाट पाहीन म्हणते. पुन्हा काही येणं व्हायचं नाही," असे त्या म्हणाल्या आणि धाकट्या दिरांनी लगेच रविवार ठरवून टाकला.

भावोजी नोकरीनिमित्त गेली सहा वर्षे कोलकात्यात आहेत. त्यांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. पुढे पाटीएवढा पडदा, रस्ता सांगणारा आवाज, नुसते बोलून लागणारी गाणी, हात न लावता घेता येणारा फोन! "आई, आता कुणाला पत्ता विचारायची गरजच नाही," असे म्हणत त्यांनी गाडी सुरू केली. आम्ही सहाजण होतो. भावोजी, जाऊबाई, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा, हे, मी आणि खिडकीशी बसलेल्या सासूबाई.

"चिडिया मोड," भावोजींनी यंत्राला आज्ञा केली. बंगालीत मोड म्हणजे चौक. सासूबाईंना आठवत होते की चिडिया मोड आला की बराकपूर आले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि चिमण्यांवरचे कसलेसे बडबडगीत मोठ्याने लावले. भावोजींनी पुन्हा स्पष्ट उच्चार करून सांगितले, तेव्हा त्यांच्या साहेबांना फोन लागला. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि त्यातून रविवार! साहेबांची क्षमा मागून झाल्यावर पुतण्याने बोटाने अक्षरे दाबून ठिकाण निवडले आणि आम्ही निघालो.

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात घोड्यावर बसलेल्या नेताजींचा पुतळा आहे. तिथून बराकपूर ट्रंक रोड सुरू होतो. लोक त्याला बी. टी. रोड म्हणतात. थोडे पुढे गेलो असू, एवढ्यात यंत्र गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

आम्ही बाहेर पाहिले. बसगाड्या, रिक्षा, दुकाने आणि माणसांची ही गर्दी! नदी नाही, छावणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "अरे, हे नव्हे रे. तिथं केवढी मोठी झाडं होती!" भावोजी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आई, चिडिया मोडच आहे हा. तुझ्या लक्षात नसेल." सासूबाई गप्प झाल्या. वय झाले की आपल्याच आठवणीवरचा आपला विश्वास किती लवकर डळमळतो!

शेवटी यांनी काच खाली करून चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारले. तो हसला. या एकाच रस्त्यावर चिडिया मोड दोन आहेत. एक हा, दमदम रोड जिथे मिळतो तिथला. दुसरा थेट रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बराकपूरचा. "सीधा जाइए," तो म्हणाला. सासूबाईंची आठवण पक्की होती, यंत्राने तेवढा चौक चुकीचा धरला होता.

खरे तर यात यंत्राचाही फारसा दोष नाही. आकाशातल्या किमान चार उपग्रहांचे संदेश जुळवून ते आपली जागा काही मीटरच्या फरकाने सांगते. आपण कुठे आहोत, हे त्याला बरोबर कळते. आपल्याला कुठे जायचे आहे, हे मात्र त्याला आपणच नीट सांगावे लागते. एका नावाची दोन ठिकाणे असली की ते बिचारे जवळचे उचलते.

आणि गंमत पाहा, ज्या रस्त्यावर आम्ही वाट चुकलो, त्याच रस्त्यावर हिंदुस्थानच्या नकाशाची एक महत्त्वाची रेघ मोजली गेली आहे! १८३१-३२ च्या हिवाळ्यात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली भूमापन खात्याने बी. टी. रोडच्या कडेने सुमारे साडेसहा मैलांची सरळ रेषा मोजली. उन्हाने धातूची पट्टी वाढली की माप चुकते. म्हणून लोखंड आणि पितळ यांची जोडी करून बनवलेल्या खास पट्ट्या वापरल्या. सपाट प्रदेशात झाडांवरून लांबचे दिसावे म्हणून रेषेच्या दोन टोकांना सुमारे ७५ फूट उंचीचे दोन मनोरे बांधले, एक पाइकपाडा भागात आणि दुसरा सुखचरला. या एका रेषेवरून कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढची अंतरे काढायची होती. त्याच वर्षी राधानाथ सिकदार नावाचा अठरा वर्षांचा बंगाली तरुण गणिताच्या कामासाठी खात्यात दाखल झाला. पुढे १८५२ च्या सुमारास 'शिखर क्रमांक १५' हे जगातले सर्वांत उंच शिखर असल्याचे गणित त्याने मांडले. आज आपण त्या शिखराला एव्हरेस्ट म्हणतो. २००४ मध्ये टपाल खात्याने सिकदारांचे तिकीट काढले. हे दोन्ही मनोरे आजही उभे आहेत, पण धावत्या गाडीतून त्यांच्याकडे कोण पाहतो?

सिंथी मोड, डनलॉप, कामारहाटी, सोदपूर अशी गावे मागे पडत होती. गाणी चालू होती, पुतण्या एकामागून एक बदलत होता आणि भावोजींची नजर दर मिनिटाला पडद्याकडे वळत होती. अशात फोन वाजला. सांगलीहून नणंदबाई बोलत होत्या. भावोजींनी "हॅलो" म्हणताच त्यांचा आवाज गाडीच्या चारही कोपऱ्यांतून घुमला, "अरे, सांगलीच्या घराचं गिऱ्हाईक पक्कं झालं. इसारही घेतला. आईला मात्र एवढ्यात कळू देऊ नका, हं!"

भावोजींनी घाईघाईने पडद्यावर दोनतीनदा बोट दाबले. फोन बंद होण्याऐवजी आवाजच वाढला. "तिला उगीच वाईट वाटेल," नणंदबाई सांगतच होत्या. अखेर फोन बंद झाला. गाडीत कुणीच काही बोलेना. त्या शांततेत यंत्र तेवढे म्हणाले, "दोनशे मीटरवर वळण घेऊन मागे फिरा."

सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. माझी त्यांच्याकडे बघायची छाती होईना. घर तिन्ही भावंडांच्या नावावर होते, बंद पडून होते, विकण्यात गैर काही नव्हते. पण त्यांना सांगायला हवे होते आणि ते असे नव्हे!

तेवढ्यात समोर चाललेल्या रिक्षाने एकदम ब्रेक लावला. भावोजींनी कसेबसे सावरले. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, आधी ते सगळं बंद करा पाहू!" त्यांचे बरोबरच होते. वाहन चालवताना हातात फोन धरणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षाही वाढली आहे. पण हात मोकळे असले म्हणजे मनही मोकळे असते, असे नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, तोंडी आज्ञा देऊन फोन लावला किंवा गाणे बदलले, तरी त्यानंतर २७ सेकंदांपर्यंत चालकाचे लक्ष पूर्ववत होत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर पुढे जाते. बी. टी. रोडच्या गर्दीत ३०० मीटर म्हणजे किती माणसे, किती सायकली!

पडदा काळा झाला. गाडीत शांतता पसरली. आणि मग सासूबाईंचा आवाज आला, "तो बघा गिरजा."

डाव्या-उजव्या हाताला आम्हाला कुठेच चर्च दिसेना. त्या ज्याकडे बोट दाखवत होत्या, तो सुखचरचा मोजणीचा मनोराच होता. लांबून चर्चसारखा दिसतो म्हणून इथले लोक त्याला गिरजा म्हणतात, बसचा थांबाही त्याच नावाने ओळखला जातो. "गिरजा आला की खडदा, मग टिटागढ, मग बराकपूर. बसमधून येताना मी असंच मोजायची," सासूबाई म्हणाल्या. दोन वर्षे रस्ता मोजणाऱ्या साहेबाच्या मनोऱ्यावरूनच त्यांनी आपला रस्ता मोजला होता, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते. तिथून पुढे आम्हाला वाट त्यांनीच दाखवली.

बराकपूरचा चिडिया मोड आला तेव्हा त्या पुढे सरसावून बसल्या. गव्हर्नर जनरल वेलस्लीने इथल्या बागेत पशुपक्ष्यांचे संग्रहालय उभारले होते, त्या चिडियाखान्यावरून चौकाला हे नाव पडले. १८७६ मध्ये अलीपूरचे प्राणिसंग्रहालय सुरू झाल्यावर इथले प्राणी तिकडे गेले. पशू गेले, नाव राहिले. वेलस्लीच्या त्या बागेला लोक आजही लाटबागान म्हणतात. तिथला जुना गव्हर्नमेंट हाउस आता पोलीस अकादमीच्या आवारात आहे. १८६१ मध्ये वारलेल्या लेडी कॅनिंगची कबरही त्याच बागेत आहे. बंगाली हलवायांकडे मिळणारी 'लेडीकेनी' ही मिठाई तिच्याच नावाची.

छावणीत शिरताच गर्दी संपली आणि सावलीचे रस्ते सुरू झाले. पहिल्या बराकी इथे १७७२ मध्ये बांधल्या गेल्या, गावाचे नावही त्यावरूनच पडले. १८२४ मध्ये ब्रह्मदेशच्या स्वारीवर जायला नकार देणाऱ्या शिपायांवर इथेच तोफा डागण्यात आल्या. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडेने इथेच शस्त्र उचलले आणि ८ एप्रिलला त्याला फाशी झाली. नदीकाठी त्याच्या नावाचे उद्यान आहे. जवळच गांधी घाट आहे. वास्तुशिल्पी हबीब रहमान यांनी त्याची रचना केली आणि जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

सासूबाईंची खोली मात्र सापडली नाही. त्या जागी चार मजली इमारत उभी होती. त्यांनी वर पाहिले आणि "बरं झालं, पावसात गळायची फार," एवढेच म्हणाल्या. मग आम्ही धोबी घाटावर गेलो. पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर दिसत होते. १८४५ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. तिथल्याच छापखान्यातून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये बाहेर पडला. इतक्या दूर, हुगळीच्या काठी आपली भाषा छापली जात होती, या विचाराने मला उगीचच माहेरचे कुणी भेटल्यासारखे वाटले.

होडी माणसे भरून निघाली. सासूबाई पायरीवर बसल्या. भावोजी त्यांच्या शेजारी बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "आई, ते घराचं..."

"अरे, मला कळत नव्हतं का?" त्या म्हणाल्या. "गेल्या दिवाळीत तुम्ही मोजणीवाल्याला आणलंत, तेव्हाच ओळखलं मी. घर विकल्याचं दुःख नाही रे. खोलीही गेलीच की इथली. पण तुम्ही तिघं मला चुकवून बोलत होतात, त्याचं वाईट वाटलं. विचारलं असतंत, तर मी काय नाही म्हटलं असतं?"

भावोजींना काही उत्तर सुचले नाही. त्यांनी आईचा हात हातात घेतला. यांनी तिथूनच नणंदबाईंना फोन लावला आणि या वेळी फोन सरळ सासूबाईंच्या कानाला लावून दिला. त्या दोघी काय बोलल्या, ते आम्ही कुणी ऐकले नाही. ते ऐकण्याचे आमचे काम नव्हते.

तुम्ही बराकपूरला जाणार असाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सियालदाहहून लोकल मिळते, अंतर सुमारे २३ किलोमीटर आहे. गावात टोटो, म्हणजे विजेवर चालणाऱ्या रिक्षा, मिळतात. छावणीच्या भागात छायाचित्रे काढण्याआधी विचारून घ्यावे. येताना होडीने श्रीरामपूरला उतरून तिकडून हावड्याची गाडी पकडता येते. स्वतःची गाडी असेल, तर ठिकाण निघण्यापूर्वीच गाडी उभी असताना टाकावे आणि नावाबरोबर गावही तपासावे. फोन गाडीच्या आवाजाशी जोडून ठेवू नये. आणि गाडीत कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना खिडकीशी बसवावे.

परतताना पडदा काळाच होता. पुतण्या आजीला विचारत होता, "मग पुढे काय येतं?" आणि आजी सांगत होती, "टिटागढ, मग खडदा, मग गिरजा."